चढावर दादा पुढे

इलेक्ट्रिक सायकल घ्यायची असं मी ठरवलं तेव्हा चोपन्न वर्षांची होते. सायकल चालवायला लागून चाळीसच्या वर वर्षं झाली होती. एकोडीला, आमच्या गावात, माझ्या मोठ्या भावाने मला शिकवलं. सीटवर बसून पाय पुरायचे नाहीत म्हणून दांड्याखालून पाय घालून, कैची. पुढे मी भंडाऱ्याच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका झाले आणि दादा वरठीच्या एका कारखान्यात फिटर. तो नदीपलीकडे कारध्याला राहायचा आणि ड्यूटीला रोज सायकलनेच जायचा. मुलं आपापल्या मार्गाला लागल्यावर आम्ही दोघांनी गियरच्या माउंटन बाइक घेतल्या आणि बारा वर्षं दर रविवारी सकाळी बरोबर निघत होतो. पाण्याच्या नहराच्या काठाने, धानाच्या बांध्यांमधल्या बैलगाडीच्या वाटेने, मग जंगल, आणि शेवटी मुरमाचा एक लांब चढ. माथ्यावर मोहाची दोन झाडं. तिथे बसून पाणी प्यायचं आणि परतायचं.

बरीच वर्षं आम्ही चढावर बरोबरीने जायचो. कधी तो पुढे, कधी मी. मग अचानक तोच पुढे राहायला लागला. वय साठीला आलेलं, पाच मिनिटं आधी माथ्यावर, मोहाला पाठ टेकून बसलेला, श्वास अगदी शांत. मी पोचायची ती तोंड उघडं टाकून. मी दरवेळी मनापासून म्हणायची, दादा, तू तर अजून तसाच आहेस. तो हसायचा आणि मला शिकवायला लागायचा. श्वास पोटातून घे. रोज शंभर बैठका मार. भाताने अंग जड होतं. एकदा म्हणाला, पाय नाही गं, तुझं मन कमजोर झालं आहे.

मी खेळाची शिक्षिका. कुणी सांगितलं की करून बघायचं, ही माझी सवय. आजूबाजूला धानाच्या बांध्या, घरात नवा तांदूळ, आणि मी दीड वर्ष भात सोडून ज्वारीची भाकर खाल्ली. पहाटे उठून बैठका मारल्या. चढावर गियर हलका करायचा सोडून जड ठेवला, कारण दादा जड गियरवर जातो असं मला मागून दिसायचं. दीड वर्षाच्या शेवटी डाव्या गुडघ्याला सूज आली. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला. आतली गादी झिजली होती. सायकल बंद करू नका, पण चढावर जोर लावणं आता विसरा, असं ते म्हणाले. जमलं तर मोटरची सायकल घ्या, हेही त्यांनीच सुचवलं.

मी दादाला फोन केला. डॉक्टरांचं म्हणणं त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मोटरच पायजे असंन तर स्कूटी घे ना. सायकलले कायले बदनाम करून राहिली?"

हे मला लागलं. तरीही त्याचं बरोबर आहे असंच वाटलं. चाळीस वर्षं पायांवर चाललेल्या बाईने शेवटी बटण दाबायचं, याची मला स्वतःलाच शिसारी आली होती. त्याच शिसारीत मी दुकानं पाहायला निघाले.

पहिलं दुकान भंडाऱ्यातलंच. विकणाऱ्या माणसाने आधी विचारलं, नातवासाठी की नातीसाठी. माझ्यासाठी म्हटल्यावर तो हसू दाबत एक लालभडक सायकल घेऊन आला. दांड्यावर माउंटन बाइक असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. पुढचा शॉकअप मी दाबून पाहिला तर तो एका जागी अडकला आणि मग कुरकुरत वर आला. आत स्प्रिंगशिवाय काही नव्हतं. ब्रेक दाबला तर तार ताणली गेली, चाक थांबायचं नाव नाही. मी गल्लीत एक चक्कर मारली. पाय फिरवले की अर्ध्या क्षणाने मागून कुणीतरी ढकलल्यासारखी सायकल सुटायची, आणि पाय थांबवल्यावरही ढकलत राहायची. वळणावर मी एका भाजीच्या गाडीवर जाता जाता वाचले. परत आले तर तो म्हणतो, मॅडम, पॅडल कायले मारता, हा अंगठ्याचा लिव्हर दाबा, आपोआप जाते.

अंगठ्याने जाणाऱ्या वस्तूला पॅडल कशाला लावले आहेत, हे त्याने मला सांगितलं नाही. त्या दिवशी घरी आल्यावर मी साबणाने हात धुतले. हँडलच्या रबराचा वास जात नव्हता.

दुसरं दुकान नागपूरला, काचेचं, थंडगार. तिथल्या मुलाने सायकलीबद्दल एक अक्षर न बोलता फोनवरचं ॲप दाखवलं. किती कॅलरी, कुठल्या रंगाचा दिवा. चढावर मोटर तापते का, बॅटरी संपली तर ही नुसत्या पायांवर किती जड जाते, जंगलात चाक खोललं तर मोटरची वायर हाताने सुटते का, असं मी विचारत गेले. त्याने तीनदा आतल्या माणसाला विचारून येतो म्हटलं आणि तिसऱ्यांदा आलाच नाही. मी तशीच बसने परत आले. एवढ्या वर्षांत सायकलच्या दुकानातून मी कधी अशी विटून बाहेर पडले नव्हते.

तिसऱ्या ठिकाणी विकत घ्यायला म्हणून गेलेच नव्हते. आमचा जुना मेकॅनिक, दादाच्या आणि माझ्या सायकली बारा वर्षं तोच पाहतो. माझ्या सायकलची चेन बदलायची होती. बोलता बोलता मी त्याला दुकानांची हकीकत सांगितली. तो दुसऱ्याच एका सायकलची चेन धुता धुता ऐकत होता. मग अगदी सहज म्हणाला, "नवीन कायले घेता मॅडम? तुमच्या दादाच्या सायकलले बसवून देली, तशीच मोटर तुमच्याही सायकलले बसवून देतो. दीड वर्षात एक तक्रार नाही त्यायची."

मी म्हटलं, कोणती मोटर?

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं. पण आता मागे घेता येत नव्हतं. मी विचारत गेले आणि तो हळूहळू सांगत गेला. मोटर मागच्या चाकाच्या मध्यावरच्या हबमध्येच असते. लहान, एका बाजूला गियरच्या चकत्या आणि दुसऱ्या बाजूला ब्रेकची डिस्क, मध्ये ती लपून जाते. बॅटरी दांड्याखालच्या काळ्या पिशवीत. बटण सीटच्या खाली, दादाच्याच सांगण्यावरून तिथे बसवलेलं, हँडलवर दिसू नये म्हणून.

ती पिशवी मी दर रविवारी पाहत होते. त्यात पंक्चरचं सामान असतं असं दादाने सांगितलं होतं. चढावर त्याच्या मागच्या चाकातून बारीक घूं असा आवाज यायचा, तोही मी ऐकला होता. विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, नवीन हब आहे, सीलबंद बेअरिंगचा, बसेपर्यंत आवाज करतो. त्याने सगळा जन्म कारखान्यात बेअरिंग बदलण्यात घालवला. त्याच्यावर शंका घ्यायचं माझ्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या कुणाची सायकल असती तर मी पहिल्याच रविवारी ओळखलं असतं.

चेन बदलायचं तसंच टाकून मी सायकलवर पूल ओलांडला आणि कारध्याला गेले. दादा अंगणात सायकल पुसत होता. वहिनीने मला बघून लगेच लिंबाचं शरबत करायला घेतलं. मी सरळ त्याच्या सायकलच्या सीटखाली हात घातला. बटण हाताला लागलं. दाबलं. मागचं चाक उचलून पॅडल हाताने फिरवला आणि चाक घूं करत स्वतःहून फिरायला लागलं.

तो फडकं घेऊन तसाच उभा होता.

मी म्हटलं, "तुले माहीत होतं ना मी भात सोडला म्हून?"

"सोड असं मी म्हटलो नव्हतो," तो म्हणाला. "कमी कर म्हटलं होतं."

लबाडी एक वेळ मी समजू शकले असते. पण एकसष्ट वर्षांचा माणूस, माझा दादा, शब्दाच्या एवढ्याशा फटीतून निसटायला बघत होता. वहिनी शरबत घेऊन आली. ग्लास मी हातात घेतला आणि ओठाला लावू शकले नाही. तसाच ओट्यावर ठेवला.

तो फडक्याची घडी करत म्हणाला, "पयल्या दिवशी सांगणारच होतो. तू वर आली अन् म्हणाली, दादा, तू तर अजून तसाच आहेस. मंग कसा सांगू?"

त्या दिवसापासून दर रविवारी तो मोहाखाली बसून त्या वाक्याची वाट बघत होता, आणि मी गुडघा घासत ते त्याला नेऊन देत होते. मी माझी सायकल घेऊन निघाले. पुलावर नदीचा वास आला. शेवाळलेलं हिरवं पाणी, काठाला अडकलेली जलपर्णी, प्लास्टिक. रोजचाच वास, पण त्या दिवशी मला पुलाच्या मध्येच उतरून कठड्याला धरून उभं राहावं लागलं.

पुढचे काही दिवस मी इलेक्ट्रिक सायकलचं नावही काढलं नाही. दादाच्या चाकातली ती घूं डोक्यात होती आणि तसला आवाज आपल्या बुडाखाली नको असं वाटायचं. पण गुडघा काही ऐकत नव्हता. शेवटी मी स्वतःलाच विचारलं की मला किळस मोटरची आहे की लपवण्याची. आणि पुन्हा नागपूरची बस धरली.

या खेपेला दुकान छोटं होतं. चालवणारी बाई स्वतः सायकलवाली, हातांना ग्रीस. मी तिला सरळ सांगितलं, अंगठ्याचा लिव्हर नको, दिवे नको, ॲप नको. तिने एक राखाडी सायकल काढली. मी आधी ती उचलून पाहिली. आमच्या वाटेवर पडलेली झाडं ओलांडावी लागतात, उचलता येत नसेल तर चालवून उपयोग नाही. जड होती, पण उचलली गेली. मग मोटर बंद ठेवून गल्लीभर चालवली. गियर, ब्रेक, पुढचा शॉकअप, सगळं सायकलसारखं होतं, लोखंडी पलंगासारखं नव्हतं. शेवटी मोटर चालू करून उड्डाणपुलाचा चढ घेतला. हिच्यात पायाचा दाब मोजणारी सोय होती. मी हलका पाय दिला तर हलकी मदत, दाबला तर जास्त, थांबवला की लगेच बंद. ढकललं जात नव्हतं. माझेच पाय दहा वर्षांपूर्वीचे असावेत असं वाटत होतं. वरपर्यंत गुडघा दुखला नाही. आनंद व्हायला हवा होता. पण मनात आलं ते हे, की दीड वर्ष दादाला हे असं वाटत होतं, आणि मागून येणारी माझी धाप त्याला ऐकू येत होती.

ती सायकल मी घेतली. बॅटरी दांड्यावर सगळ्यांना दिसेल अशी आहे. शाळेतल्या मुलींनी पहिल्याच दिवशी विचारलं, मॅडम, मोटरवाली आहे का. हो म्हटलं, गुडघा खराब आहे. एवढंच. त्या दोन शब्दांनी काही बिघडलं नाही.

रविवारी मी एकटी जायला लागले. तिसऱ्या रविवारी पुलाच्या टोकाशी दादा उभा होता, सायकल घेऊन. पिशवी नव्हती. मोटर काढून टाकली, तो म्हणाला. मी पॅडलवर पाय ठेवला. तो मागे येऊ लागला. चढ लागला तसा तो मागे पडला. त्याच्या धापांचा आवाज मुद्दाम मोठा केल्यासारखा येत होता. अर्ध्यावर तो उतरला आणि सायकल ढकलत येऊ लागला, दर चार पावलांना थांबून, कमरेवर हात ठेवून, वर माझ्याकडे बघत. माझ्या मनात दया येईल म्हणून मी वाट पाहिली. आली नाही. मला त्या ढकलण्याचीसुद्धा किळस आली. जणू एवढं पाहिल्यावर मी म्हणावं, जाऊ दे दादा, झालं ते झालं.

तो वर पोचल्यावर मी म्हटलं, "मोटर लावून घे. या वयात काढायचं काही काम नाही. फक्त लपवू नको."

त्याने मान हलवली आणि पुढच्या आठवड्यात खरंच लावून घेतली. बटणही हँडलवर आलं. रविवारी बरोबर चल म्हणून तो बोलावत राहिला, मी काही ना काही कारण सांगत राहिले. तरी मला वाटलं होतं, संपलं असेल हे लपवणं.

दिवाळीनंतर एकोडीला चुलतभावाकडे नवा तांदूळ घरात आला म्हणून जेवण होतं. मी जवळजवळ दोन वर्षांनी भात वाढून घेतला. पंगतीत चुलतभाऊ कौतुकाने मला म्हणाला, "नशीब लागते असा भाऊ मिळायले. मोटरची सायकल बहिणीले चालंन का नाई म्हून आधी सोता दीड वर्ष चालवून पाहिली, दादाच सांगत होता, मंगच तुले घेऊ देली."

मी दादाकडे पाहिलं. तो भातात वरण कालवत होता. कालवून झालं होतं तरी कालवत होता.

"तसं नाही," मी म्हटलं. "त्याने लपवून चालवली. मला माहीत नव्हतं."

चुलतभावाने मला पुन्हा भात वाढायला घेतला. दादा अर्ध्या जेवणावरून उठला आणि हात धुवायला मागच्या अंगणात गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. बोलून टाकल्यावर मन हलकं होईल असं मला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. समोरचा भात वाफाळत होता, वास चांगला होता. दोन घास मी खाल्ले आणि ताट बाजूला सारलं.