आढळून येत नाही

हिंगोलीकडच्या एका कचेरीत मी कारकून होतो. एक म्हातारा माहितीचा अर्ज घेऊन यायचा, कोर्ट फीचं तिकीट जिभेवर ओलं करून चिकटवायचा आणि पोचेवर शिक्का बसेपर्यंत हलायचा नाही. त्याच्या गावातली शाळेची खोली फक्त कागदावर बांधलेली. तिची फाइल त्याला हवी होती. साहेबांच्या सांगण्यावरून मी ‘आढळून येत नाही’ असं लिहून दिलं. अपील ऐकलं, तेही आमच्याच मोठ्या साहेबांनी. माहिती आयोगाची तारीख लागेपर्यंत दोन वर्षं गेली.

एकदा तो म्हणाला, “आमचा बैल हरवला तर आमी ठाण्यात जातो. तुमची फाइल हरवली, तर तुमी काहून गेले न्हाई? गेले असाल, तर त्या तक्रारीची नक्कल द्या.”

मी त्याला नवा अर्ज करायला सांगितलं. फाइलीच्या कपाटाची किल्ली माझ्याच खिशात होती.