होकाराच्या आधीचा पेढा

माझ्या चहात साखर नको, तेवढं आधी सांगा त्याला. आणि आता जे सांगतो ते ऐकून आमच्या हिच्यासमोर विषय काढू नका. मी तेव्हा जी माती खाल्ली, तिची आठवण निघाली की ती अजून तोंडाला पदर लावून हसते.

मला शुगर निघाली. निघाली तर निघाली! पण आमच्या डॉक्टरीणबाई लई खमक्या. त्यांनी दवाखान्यातच शुगरवाल्यांची शाळा भरवली. कुणाला काय कळतं ते बघायला आधी परीक्षा घेतली. "पायांची काळजी कशी घ्याल?" मी म्हटलं, "जास्त चालणार नाही." बाईंनी कपाळाला हात लावला.

मग त्यांनी सगळं नीट शिकवलं आणि पुन्हा परीक्षा घेतली. आणि मी पहिला! शाळेत जन्मात कधी पहिला आलो नव्हतो हो! झालं, डोक्यात हवा गेली. सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं सायकलचं दुकान. पंक्चर काढायला आलेल्याला आधी शुगरवर व्याख्यान, मग पंक्चर. वर घरातली साखर, गूळ, सगळं उचलून शेजारी देऊन टाकलं.

"अहो, बाईंनी असं कुठं सांगितलंय?" ही म्हणाली.

"परीक्षा तू दिलीस का मी?"

तेवढ्यात आमच्या अश्विनीला बार्शीचं स्थळ आलं. भुसार मालाचे व्यापारी, माणसं चांगली, मुलगा शिकलेला. पोरगी म्हणाली, "अप्पा, मुलाशी बोलल्याशिवाय मी हो म्हणणार नाही." मी म्हटलं, "तुझ्या तोंडून होकार आल्याशिवाय काही ठरणार नाही." शब्दच दिला की तिला!

पाहुणे दुपारी जेवायला येणार होते. त्यांची वेळ धरून मी आधी गोळी घेतली. गोळी घेतली की अर्ध्या तासात जेवायचं, हे मला तोंडपाठ. पण पाहुण्यांची गाडी वाटेतच बंद पडली, त्याला काय करायचं?

"अप्पा, दोन घास खाऊन घ्या," अश्विनी म्हणाली.

मी उखडलो. "खुळी का काय तू? पाहुणे उपाशी आणि यजमानानं ताटावर बसायचं? लोक तोंडात शेण घालतील!"

पाहुणे आले तोवर मला दरदरून घाम फुटला होता. मला वाटलं, सोलापूरचा उन्हाळा! मुलाच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, पाणी द्यायला गेलो तर हात असा थरथरला की अर्धा तांब्या त्यांच्या अंगावर. वर मीच खेकसलो, "नीट धरता येत न्हाय व्हय?"

मुलाची आई अण्णांच्या कानाशी लागली, "भर दुपारी ढोसून बसलाय की ह्यो!"

ते मला ऐकू आलं. जाब विचारायला ताडकन उठलो, तर जीभ जड, पाय लटपटले, आणि बसलो की थेट अण्णांच्या मांडीवर!

अश्विनी आतून धावत आली. "आई, अप्पांची शुगर उतरलीय! साखर आण!"

"कुठली साखर? ठेवलीय का तुझ्या बापानं घरात?"

"मला साखर चालत न्हाय!" मी ओरडलो. "पहिला आलोय मी, पहिला!"

टीपॉयवर पाहुण्यांनी आणलेला पेढ्यांचा बॉक्स होता. आता मुलाकडचा पेढा मुलीकडच्यांनी कधी खायचा? स्थळ जमलं की! पोरीनं दोरा तोडला, माझं तोंड धरलं, आणि कोंबला पेढा. त्याच्यामागं दुसरा.

अण्णा मोठ्यानं म्हणाले, "शुगर व्हय! आन् आमाला वाटलं बेवडा व्याही मिळतोय!" आणि मुलाची आई हरखून गेली. "अगंबाई! पोरीनं सोताच तोंड गोड केलं की!" पाठोपाठ कुणीतरी बार्शीला फोनही लावला, "जमलं, जमलं!"

मी भानावर आलो तर अण्णा माझी गळाभेट घेतायत आणि माझी पोरगी कोपऱ्यात पांढरीफटक उभी. तिला दिलेला शब्द मीच पेढ्यासकट गिळला होता.

तेवढ्यात मुलगा उठला. "थांबा जरा. त्यांनी वडिलांना औषध दिलंय, मला होकार नाही दिलेला." मग अश्विनीकडं बघून म्हणाला, "नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पेढे काय आम्ही परत नेत नाही."

पोरगी फिसकन हसली. दोघं गच्चीत बोलायला गेली ती लवकर येईनात. इकडं मी भाकरी खातोय आणि सगळे पाहुणे मला बघतायत!

परत आल्यावर पोरगी म्हणाली, "अप्पा, आता माझा होकार. पण एक अट आहे. लग्नात तुम्ही सगळ्यांच्या आधी जेवायचं."

हुश्श! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तिनं काहीही मागितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

पण निभावायला लागतं ना! मुलीच्या बापानं हात जोडून पंगतीत फिरायचं, आग्रह करायचा, शेवटी जेवायचं. आणि मी? लग्नाच्या दिवशी अजून अक्षता पडायच्यात, अख्खा भोजनकक्ष मोकळा, आणि मी एकटा ताटावर. वाढायला कोण? खुद्द अण्णा!

दारातून मुलाची एक आत्या डोकावली. मला बघून शेजारी उभ्या बाईला म्हणाली, "लेक निघाली सासरी, आन् बापाला जेवायची घाई! कदीपासनं उपाशी हाय की कुणाला ठावं!"

तिला मी सगळं समजावून सांगणार होतो हो. पण काय करू, तोंडात घास होता.