जांभळा रंग आणि साळवेबाई

डॉ. साळवेबाई लघवीची तपासणी कुणावर सोपवत नसत. शेवगावजवळच्या आमच्या दवाखान्यात मी नर्स होते. खिडकीपाशी स्पिरिटचा दिवा, चार बाटल्या आणि काचेच्या नळ्या, एवढीच बाईंची प्रयोगशाळा. गावात कुणी त्यांना ‘लघवीची डॉक्टरीण’ म्हणे. बाई हसत. म्हणत, “सांगायला माणूस लाजतो, घाबरतो. म्हणून मी आधी ह्या नळीला विचारते.”

दुष्काळातल्या एका सकाळी हिराला बैलगाडीतून आणलं. विशीतली सून. जोराची धाप, अंग घामानं भिजलेलं, हाकेला ओ नाही. सोबत सासू होती. पाठोपाठ माहेरचा भाऊ आला, तो काठी घेऊनच.

“हिनंच कायतरी घातलंया माझ्या बहिणीला,” तो म्हणाला.

“म्या काय बी दिलं न्हाई,” सासू भिंतीला टेकून म्हणत राहिली.

बाईंनी हिराचं पोट धुतलं, सलाईन लावलं, लघवी काढून घेतली. उपाशी माणसाच्या लघवीतही असाच फसवा रंग येतो, पण उकळल्यावर तो येत नाही, म्हणून लघवी आधी उकळली. मग फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. नळीत जांभूळ चुरगळल्यासारखा गडद रंग उतरला. ॲस्पिरिन. विष लघवीवाटे उतरावं म्हणून सलाईनमधून सोडा द्यायला मला सांगून बाई नळीसकट बाहेर गेल्या. भाऊ सासूच्या अंगावर धावून गेला होता. बाई मधे उभ्या राहिल्या.

“डोकेदुखीच्या गोळ्या आहेत. त्या कुणी दिल्या, ते ह्यात दिसत नाही.”

“मला दिसतंय.”

“ती बोलेल, तेव्हा तिला विचारू.”

“आन् न्हाईच बोलली तर?”

बाईंनी सासूला औषधांच्या खोलीत बसवलं, भावाला हिराच्या उशाशी, आणि त्याच्या हातात पंखा दिला.

दुपार कलली तेव्हा कुठे धाप उतरली. हिरानं डोळे उघडले.

“कुनी दिल्या गं गोळ्या?” भावानं विचारलं.

“म्याच आनल्या दुकानातनं. दाढ लई ठनकत हुती. खडी फोडाय न्हाई गेलं तर हजेरी बुडती. दुखलं की घेत गेले.”

भावानं पंखा उशाशी ठेवला. मग उठला, औषधांच्या खोलीचं दार उघडलं. “मावशी, चला. हिरा जागी झाली.”

मी बाईंना विचारलं, “त्याचं खरं निघालं असतं तर?”

“तर ते हिरानं सांगितलं असतं. मी नाही.”

बाई जाऊन बरीच वर्षं झाली. पुढे मोठ्या इस्पितळांत छापील रिपोर्ट माझ्या हाती येत गेले. नोकरी संपेपर्यंत मी ते वाचून बाजूला ठेवत असे, आणि खाटेपाशी बसून विचारत असे, काय झालं ते सांग.