छुई आणि टेकडीवरचा गोटा

पवनीच्या शाळेत मेश्राम मॅडमनी भूगोल शिकवला नसता, तर मी भूवैज्ञानिक झालो नसतो आणि त्या मे महिन्यात शेवंताबाईंच्या अंगणात मान वर करून उभाही राहिलो नसतो. आमच्या घरात मी पहिला पदवीधर. कॉलेज कुठे असतं, अर्ज कसा करतात, हेही मॅडमनीच सांगितलं.

अंगणामागे टेकडी. तिच्या उतारावर ट्रॅक्टरएवढा गोटा. खाली शेवंताबाईंचं नुकतंच पूर्ण झालेलं घरकुल. त्या उन्हाळ्यात गोट्याच्या खपल्या घरावर पडल्या आणि तो थोडा कललेलाही दिसला. आंधळगावच्या पुढचं हे गाव घाबरलं. धोका असेल तर पावसाळ्याआधी घर कायमचं रिकामं करायचं, असं ठरलं. रिपोर्ट मला द्यायचा होता.

"गोटा कलला तं मी कायले जाऊ?" शेवंताबाई म्हणाल्या. "त्यालेच सांगा ना जायले!"

आधी खपल्या पाहिल्या. ऊन, गारवा आणि मुरलेलं पाणी यांनी दगडाचा वरचा थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटतो. दगड असा जागच्या जागी सुटत, कुजत जातो, त्याला विदारण म्हणतात. हातोडी मारली. आवाज खणखणीत आला. आतून गोटा धडधाकट होता.

मग कलला कशाने?

वर चढून वाकून पाहिलं, तर गोट्याखाली माणूस बसेल एवढी पोकळी. आत पांढरीशुभ्र माती. मागे वळलो. शेवंताबाईंच्या भिंतीही तशाच पांढऱ्या.

"ही छुई कुठची?" मी विचारलं. छुई म्हणजे दिवाळीआधी भिंती पोतारायची पांढरी माती.

"इथचीच. साऱ्या गावाची इथचीच."

"पण सिमेंटच्या भिंतीला छुई?"

"नाही पोतारलं तं घर गोदामासारखं वाटते."

या दगडातलं एक खनिज पाण्याने कुजतं आणि त्याची छुई होते. हे झालं विदारण. झालेली माती नदी, वारा, पाऊस उचलून नेतात, ती धूप. इथे नेण्याचं काम टोपल्या करत होत्या. आतली छुई जास्त पांढरी, म्हणून बायका दरवर्षी आणखी आत खणत. ज्या घराच्या भिंती जास्त पांढऱ्या, तिथली सून कामाची, असं गाव मानतं.

"मंजे आमीच नदी होऊन राहिलो का साहेब?" शेजारच्या मंदाताई म्हणाल्या. जमलेल्या सगळ्या बायका हसल्या.

शेवंताबाई हसल्या नाहीत. "तुयी टोपली सगळ्यात मोठी होती."

"अन् तुयं घर सगळ्यात जवळ!"

मी ऑफिसातल्या माझ्या साहेबांना फोन लावला.

"ब्लास्टिंग करून टाका," ते म्हणाले.

"तुकडे घरावरच येतील, सर. खालची पोकळी दगड-सिमेंटने भरू. वरून येणारं पाणी चर खणून बाजूला काढू."

"गोटा थांबेल?"

"थांबेल."

"लिहून देता?"

"देतो, सर."

काम होईपर्यंत शेवंताबाई बहिणीकडे राहिल्या. आम्ही पोकळी भरली, चर खणला. गोटा आणि नवं बांधकाम यांच्या सांध्यावर काचेची पट्टी चिकटवली. गोटा जरा जरी हलला, तर काच तडकते. छुईसाठी मोकळ्या माळावर दुसरी जागा शोधून दिली. पाऊस सुरू झाला तशा शेवंताबाई घरी परतल्या. माझी झोप मात्र प्रत्येक मोठ्या सरीला उडायची.

दिवाळीनंतर मी मॅडमना हे पत्र पाठवलं:

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. फोनवर सांगितलं होतं, त्या गोट्याच्या गावी काल जाऊन आलो. पावसाळा जोराचा झाला. काच तपासायला टेकडीवर चढलो, तर काच दिसेचना. बायकांनी आमचं बांधकामही छुईने पोतारलं होतं, काचेसकट! रुमालाने पुसली. एकही तडा नाही. शेवंताबाई आपल्या घरातच आहेत. त्यांनी अनरसे बांधून दिले. माळावरची छुई जरा पिवळसर निघाली, म्हणून मंदाताईंनी मला चांगलंच ऐकवलं.

मॅडम, यंदा वर्गाला धुपीची कारणं लिहून द्याल, तेव्हा नदी, वारा आणि पाऊस यांच्याखाली दिवाळीही लिहा.

तुमचा विद्यार्थी