पप्पांच्या पेजेआधीची प्रार्थना

आज दुपारी मी पप्पांना नाकातल्या नळीतून पेज देत होते. लकव्यामुळे त्यांना गिळता येत नाही, बोलताही येत नाही.

खाली पाण्याचा टँकर आला होता. तिथून शेजारच्या भाभींची हाक आली, "दीदी, जल्दी आओ, टँकर खाली हो रा!"

मी घाईने पेज ओतायला गेले, तर पप्पांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. आमच्या ख्रिस्ती घरात प्रार्थनेशिवाय कुणी जेवत नाही. ती नेहमी पप्पाच करायचे.

मी डोळे मिटले. "प्रभू, या अन्नासाठी..." पुढे "धन्यवाद" निघेचना. ती पेज त्यांच्या जिभेलाही लागत नाही.

टँकर निघून गेला. पप्पा हात सोडेनात. शेवटी मी नुसतं "आमेन" म्हटलं, तेव्हा सोडला.

संध्याकाळी पुन्हा पेज द्यायचीय. तुम्ही माझ्या जागी असता तर काय म्हणाला असता?