धुरकी आणि नवरी

ज्या धंद्यात मशीन असतं आणि ते मशीन पाण्यात असतं, तिथं किस्से गोळा करावे लागत नाहीत. रोज संध्याकाळी आमच्या जेट-स्कीच्या पंपाची जाळी साफ करताना हार निघतात, नारळाच्या शेंड्या निघतात, कुणाचं तरी धोतर निघतं. किस्सेही तसेच अडकत जातात. कुणी ऐकायला बसलं की मी जाळी उघडतो.

नांदेडला गोदावरीच्या बंधाऱ्यामागं आमचा बोटिंग पॉइंट आहे. आम्ही तिघं. मी मूळचा औशाचा, तोंड चालवणारा. सदानंद माझा भागीदार, उमरी तालुक्यातला, एम.कॉम. झालेला, बोलायला महाकंजूस. आणि इक्बालभाई आमचे मेकॅनिक, ज्यांचं उभं आयुष्य टू-स्ट्रोक गाड्यांच्या धुरात गेलं.

जेट-स्की म्हणजे पाण्यावरची मोटारसायकल समजा. आमच्याकडं आधी एकच होती. जुनी, टू-स्ट्रोक, दोन सीटची. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून पाजायचं, मग ती बोंबलत निघायची. मागं एवढा धूर सोडायची की तिचं नाव धुरकी पडलं.

*

लातूरचं एक जोडपं प्री-वेडिंग शूटला आलं होतं. नवरी मुलगी पांढऱ्याशुभ्र गाऊनमध्ये. फोटोग्राफर म्हणाला, "सर, मागून हळूच एक राउंड मारा, पाणी उडू द्या." सदानंदनं राउंड मारला. पाणी उडालं, फोटोही आला, पण धूर खाली बसल्यावर त्या गाऊनचा रंग पार वांग्याच्या भरतासारखा झालेला.

मुलीची आई माझ्या अंगावर धावून आली. इक्बालभाई शांतपणे मध्ये पडले. "अम्मा, गुस्सा मत करो. लोक लग्नात फॉगचं मशीन भाड्यानं आणतेत. हमने फ्री में दिया."

लग्न झालं म्हणे. आम्हाला काही पत्रिका आली नाही.

*

त्या दिवसापासून आमच्यात वाद पेटला. धुरकीच दुरुस्त करून चालवायची, की नवी फोर-स्ट्रोक घ्यायची?

मी फोर-स्ट्रोकच्या बाजूनं. धूर नाही, आवाज कमी, पेट्रोल निम्मं पिते. इक्बालभाई कट्टर विरोधात. "धुरकी बिघडली तर मी पाण्यात उभ्या उभ्या खोलतो. तुमची ती बिघडली तर पुण्याला फोन लावत बसा."

सदानंद दोन दिवस हिशोबाच्या वहीत डोकं घालून होता. मग एकच वाक्य बोलला, "मला तिसरी सीट पाहिजे."

त्याचं गाव नदीकाठी. वरच्या धरणातून पाणी सोडलं की गावाचा रस्ता बुडतो. त्याची माय तिथं एकटी, दम्याची पेशंट. नांदेडला यायला तयार नाही. धाप लागली की तिची शुद्ध हरपते. "एक चालवणारा," सदानंद म्हणाला, "एक माय, आणि एक तिला मागून धरणारा. दोन सीटवर कसं जमंल?"

इक्बालभाईंनी पान्हा खाली ठेवला. वाद तिथंच मिटला. नवी फोर-स्ट्रोक, तीन सीटची, ट्रेलरवरून आली आणि तिचं नाव नवरी पडलं.

*

नवरी इतकी गुपचूप चालायची की पोरं नाराज. कंधारकडचा एक पठ्ठ्या राउंड मारून उतरला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "काका, हिला आवाजच न्हाई. रील कशी करू? गावाला कळंल कसं मी फास्ट गेलो म्हणून?" त्याला धुरकी दिली. धुरात तो दिसलाच नाही, पण खूश होऊन गेला.

आपल्या लोकांना काय लागतं ते कंपन्यांना कधी कळायचं?

*

इक्बालभाईंचा नवरीवर जीव बसायला वेळ लागला. एकदा बसला, आणि त्यातूनच घात झाला. एका सकाळी त्यांनी टाकी भरली आणि सवयीनं पेट्रोलमध्ये मापट्यानं ऑइलही ओतलं. फोर-स्ट्रोकला इंजिनात वेगळं ऑइल असतं, पेट्रोलमध्ये घालायचं नसतं. नवरी चालू झाली, खोकली आणि धुरकीच्या वरताण धूर सोडू लागली.

मी डोकं धरून बसलो. इक्बालभाई दोन्ही मशिनींकडं आळीपाळीनं बघत म्हणाले, "सगी बहनां दिखरीं."

टाकी रिकामी केली, प्लग बदलले, नवरी सुधारली. हा किस्सा सांगून आम्ही लई हसलो. हसण्यासारखा तो शेवटचाच.

*

आता रेणापूरकडचा. लातूर-नांदेड दोन्हीकडं वजन असलेले एक पुढारी आहेत. नाव घेत नाही, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. भाऊंच्या डोक्यात जलपर्यटन शिरलं. "तुमची नवी गाडी घेऊन या, आमच्या तलावावर डेमो द्या." आमच्या पॉइंटची परवानगी त्यांच्या एका फोनवर लटकलेली. नाही कोण म्हणणार?

ट्रेलर घेऊन पोचलो. मंडप, हार, स्पीकर, सगळं होतं. पाणी नव्हतं. तलावाच्या तळाला भेगा पडलेल्या आणि त्यात शेळ्या चरत होत्या.

"पाणी येईल पुढं," भाऊ म्हणाले. "तुम्ही फक्त चालू करून दाखवा."

सदानंद म्हणाला, "साहेब, हिचं इंजिन पाण्यानंच गार होतं. पाण्याबाहेर चालू ठेवली तर जळंल."

"अहो, गाडीच हाय ना? मोटारसायकल काय तुम्ही हौदात उभी करून चालू करता का?" लोक हसले. भाऊ स्वतः वर चढून बसले, बटण दाबलं आणि अ‍ॅक्सिलरेटर ओढून धरला. कॅमेरावाला म्हणाला, "भाऊ, अजून एक, इकडून." सदानंद हात जोडून सांगत होता, त्याला कार्यकर्त्यांनी बाजूला सारलं. रबर जळाल्याचा वास आला, काहीतरी कडकन वाजलं आणि नवरी गप्प झाली.

भाऊ उतरले. खरंच नवल वाटल्यासारखे म्हणाले, "पाण्यावरची गाडी, अन् पाण्याबिगर चालत न्हाई?"

टाळ्या पडल्या. मला अजून त्या टाळ्या आठवल्या की हात शिवशिवतात.

*

नवरी पुण्याला गेली. पार्ट परदेशातून येणार म्हणाले. इक्बालभाई रोज फोन लावत बसायचे, अगदी स्वतः म्हणाले होते तसं.

आणि पाऊस लागला. सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. वरून पाणी सोडलं, सदानंदच्या गावाचा रस्ता गेला. बचाव पथकाची बोट दुसऱ्या गावात अडकलेली. आम्ही धुरकी ट्रेलरवर घातली, पाण्याच्या कडेला नेली, आणि सदानंद एकटाच निघाला.

लोक शाळेच्या गच्चीवर होते. माय पाण्याच्या टाकीला टेकून बसलेली, छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. तिच्या शेजारी पाटलांची सून, नऊ महिन्यांची, कळा सुरू झालेल्या. पाटलांच्या घरात आमच्या सदानंदच्या मायला आजवर कधी उंबऱ्याच्या आत बसवलं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतोय.

सदानंद मायला उचलायला वाकला. तिनं त्याचा हात झटकला.

"हिला ने आधी. दोन जीव हायती. माझं काय, मी बसून ऱ्हाते हितं."

त्यानं त्या सुनेला नेलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. धुरकी पेट्रोल ढोसणारी, ते पुन्हा भरून तो माघारी पोचला तेव्हा गच्चीवरच्या लोकांनी बाजूला होऊन त्याला वाट दिली. मायच्या तोंडावर कुणीतरी पदर ओढलेला होता. माय बसलेलीच होती.

*

पाणी ओसरल्यावर भाऊ आमच्या पॉइंटवर आले. शाल, श्रीफळ, फेटा. सदानंदनं सगळं अंगावर घेतलं. भाषणात भाऊ म्हणाले, जिल्ह्यासाठी अशा गाड्या घेऊ. मग सदानंदकडं वळून विचारलं, "तुम्ही अनुभवी. टू-स्ट्रोक घ्यावी का फोर-स्ट्रोक?"

"बसून बघा की, साहेब," सदानंद म्हणाला.

भाऊंना व्हिडिओ हवाच होता. ते धुरकीवर मागं बसले. बॉडीगार्डही चढायला गेला, पण बूड टेकवायला जागाच नाही, तो काठावर राहिला. लाइफ जॅकेट सदानंदनं स्वतः बांधून दिलं, पट्टे दोनदा ओढून पाहिले.

धुरकी धूर सोडत निघाली. नदीच्या बरोबर मधोमध सदानंदनं इंजिन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं. मशीन डुलायला लागलं आणि भाऊंचा आवाज पाण्यावरून स्पष्ट ऐकू आला. "अहो, हलतंय हे. धरा, मला मागून धरा कुणीतरी."

सदानंदनं मान वळवली नाही.

"तिसऱ्याला जागा न्हाई, साहेब," तो म्हणाला. "तुम्ही बसून ऱ्हावा."