निरोपाच्या भाषणाआधीची गोळी

दिगंबरराव स्वतःच्या निरोपसमारंभात, गळ्यात हार असताना घोरले, ही खडकीच्या आमच्या कारखान्यात आजही आवडीने सांगितली जाणारी गोष्ट आहे. दोष मिसळीला दिला जातो. दोष माझा होता, आणि तो मी इतकी वर्षे लपवला. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीचा फोन आला, "काका, बाबा झोपेतच गेले..." आणि त्या क्षणी मला आठवले ते तेच घोरणे.

मूळचे ते यवतमाळकडचे. सारी नोकरी दारूगोळ्याच्या विभागात गेली. मी हिशेब विभागातला, वयाने बराच लहान. चार माणसांपुढे बोलायचे म्हटले की माझी छाती धडधडत असे. त्यासाठी डॉक्टरांनी अडीअडचणीपुरती दिलेली गोळी मी पित्ताच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत ठेवी. कळले असते तर कोणी मोठ्याने हसले नसते; पुण्यात नुसते "आता बरं आहे ना?" असे विचारतात, तेवढे पुरते.

समारंभाआधी कॅन्टीनमध्ये मिसळ संपवून दिगंबररावांनी हात पुढे केला. "दे ना बे अवि, तुही ती पित्ताची गोळी. पोटात बत्ती लागली." टेबलाभोवती सगळे पाहत होते, बाटली माझ्या हातात नुकतीच खुळखुळली होती. नाही म्हणालो असतो तर गुपित फुटले असते. मी एक दिली... साहेबांचे भाषण रंगात आले आणि सत्कारमूर्तींची मान हारात बुडाली. ते त्यानंतर स्कूटर घेऊन निघाले असते तर, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी सुमनवहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. दिगंबररावांनी आठवडाभर माझ्यासमोर घोकलेले भाषण राहूनच गेले. त्यात वहिनींसाठी एक वाक्य होते. "घरीच सांगा ना," मी नंतर म्हणालो. "छे. चारचौघांतच म्हणायचं होतं. घरी म्हटलं तर सुमन विचारन, आता काय पाहिजे?"

निवृत्तीनंतर घबराट त्यांच्याही वाट्याला आली. "जिंदगी बारुदीत गेली, अन् आता लिफ्टले भेतो," असे सांगत ते स्वतःच हसले. मी त्यांना माझ्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी सावकाश समजावले: एक गोळी लगेच शांत करते, पण गुंगी आणते, आणि रोज घेतली तर सवय लागते, दुसरी रोज घ्यायची, गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला पोट ढवळते, आणि मनाने बंद करायची नाही. "म्हंजे एक सुतळी बॉम्ब, दुसरी लांब वात," दिगंबरराव म्हणाले. 'गुंगी' हा शब्द आला तेव्हा मी भिंतीवरचे कॅलेंडर वाचत होतो.

आम्हा दोघांसाठीही वातच, म्हणजे रोजची गोळी, ठरली. मग बागेतल्या बाकावर आम्ही गोळ्यांची चर्चा करू लागलो, लोक आंब्यांची करतात तशी: कोणाच्या गोळीने तोंड कोरडे पडते, कोणाच्या गोळीने जांभया येतात. ते खणखणीत आवाजात बोलत, मी त्यांना गप्प करी. "काहून लपवतं बे? साखरेची गोळी लपवते का कोणी?" पुढे बाकावरचे आणखी दोघे हळूच डॉक्टरांचा पत्ता विचारून गेले. मी मात्र ती एक गोष्ट बोललो नाही...

तेराव्याला त्यांच्या घरी गेलो. खिडकीशी त्यांची खुर्ची, शेजारी गोळ्यांचा स्टीलचा डबा, झाकण नेहमीसारखे अर्धवट लावलेले. वहिनी पाहुण्यांना सांगत होत्या, "झोपेचे पक्के. स्वतःच्या सत्कारातबी सोडलं नाही." सगळे हसले. मी उठून उभा राहिलो. छाती जुन्या सवयीने धडधडू लागली.

"वहिनी, त्या दिवशी मिसळीनं काही झालं नव्हतं. मी त्यांना पित्ताची म्हणून माझी चिंतेची गोळी दिली होती. आणि त्यांना म्हणायचं होतं ते असं: 'तीस वर्षं बारुदीत हात घातले अन् दाही बोटं शाबूत घरी नेली, कारण सुमननं मले एक दिवस बी भांडून कामावर धाडलं नाही.'"

वहिनींनी त्या डब्याचे झाकण नीट दाबून लावले. मग पदराने डोळे टिपत हसल्या. "भांडत होती ना मी. पण संध्याकाळी."

"हे तुम्ही त्यांच्या तोंडून ऐकायला हवं होतं," मी म्हणालो. "माझ्यामुळे राहिलं. मला माफ करा."